रात्री लावलेली गाडी सकाळी चालूच होईना? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे बघा

संध्याकाळी गाडी नीट आणून लावली, सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं कट कट कट, नाहीतर तेही नाही, मीटरवरचे दिवे मिणमिणून गप. मग शेजारच्या काकांची गाडी आणून बोनेटला बोनेट लावायची, जंपर केबल जोडायची, चालू झाली की सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच नाटक. यावर आपल्याकडं, बेळगावात काय नि निपाणी-खानापुरात काय, पहिला सल्ला ठरलेला, बॅटरी गेली, नवीन टाका. सांगणारा बॅटरीच विकायला बसलाय म्हटल्यावर तो दुसरं काय सांगणार म्हणा. चार-पाच हजार घालून नवी बॅटरी येते, आठ-पंधरा दिवस बरं चालतंय, आणि एका सकाळी नवी बॅटरीपण बसलेली. म्हणून खाली लिहिलंय ते नवी बॅटरी घ्यायच्या आधी करायचं.

घरावरची पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणा. सकाळी टाकी रिकामी दिसली तर कारणं तीनच, टाकीच फुटकी आहे, नाहीतर रात्रभर कुठला तरी नळ चालू राहिलाय, नाहीतर आदल्या दिवशी पाणीच पुरतं चढलं नव्हतं. गाडीचंही तेवढंच आहे. बॅटरी स्वतःच खराब, गाडीत कुठं तरी करंट लीक, किंवा डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर, बॅटरी नीट चार्ज करत नाही. या तिघांतलं कुठलं ते ठरवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. आणि ते ठरवायला तीनशे-पाचशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतोय, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, फक्त घेताना त्यावर १० अँपियरचं डीसी भोक आहे ना तेवढं बघा.

आधी थोडा हिशोब, कंटाळा करू नका, अर्धा रोग इथंच कळतो. अल्टो-वॅगनारसारख्या गाड्यांना साधारण ३५ अँपियर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ढोबळमानाने १ अँपियर करंट ३५ तास. गाडी बंद करून लॉक केली तरी घड्याळ, सेंट्रल लॉकचा रिसीव्हर, ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, मेमरी असलं थोडं थोडं खातच असतंय, ते २० ते ५० मिलीअँपियर असलं तर चांगलं समजायचं. ५० मिलीअँपियरने दहा तासांच्या रात्रीत अर्धा अँपियर-अवर जातो, म्हणजे काहीच नाही. डिकीतला ५ वॅटचा बल्ब रात्रभर चालू राहिला तर ०.४ अँपियर, दहा तासांत ४ अँपियर-अवर, धडधाकट बॅटरी एवढ्याने बसत नाही, सकाळी गाडी चालू होणारच. पण पार्किंग लाइट चालू राहिली की चार कोपऱ्यांतले बल्ब, नंबर प्लेटचा दिवा, मीटरच्या लाइटी मिळून दोन-अडीच अँपियर होतंय, रात्रीत २०-२५ गेले, सकाळी गाडी आडवी.

यातून काय निघतंय बघा. चांगली बॅटरी एकाच रात्रीत बसायची तर दीड-दोन अँपियरच्या वरचा लीक पाहिजे, आणि एवढा मोठा लीक लपून राहत नाही, काहीतरी पेटलेलं असतं, गरम लागतं, नाहीतर आवाज येतो. लीक छोटा आहे आणि तरीही एका रात्रीत बसते, तर बॅटरी आतून गेलेली. तीन-चार दिवस उभी राहिल्यावर बसत असेल तर लीक २००-४०० मिलीअँपियरच्या आसपासचा, हा खरा त्रासदायक, कारण डोळ्याला काही दिसत नाही. आणि गणपतीनंतर गाडी गावात ठेवून पुण्याला गेलात, किंवा सांबऱ्याला विमानतळावर लावून महिन्याने आलात आणि बसलेली दिसली, तर त्यात बिघाड काहीच नाही, ५० मिलीअँपियरने महिनाभरात ३६ अँपियर-अवर जातात, छोटी बॅटरी तेवढ्यातच संपते.

पहिलं काम, बॅटरी पूर्ण चार्ज करून घेणं. अर्धवट बॅटरीवर कुठलीच तपासणी खरी ठरत नाही. जंपर लावून गाडी चालू केली आणि कॅम्पातून एक चक्कर मारून आलो म्हणजे बॅटरी भरली असं नसतंय, बसलेली बॅटरी भरायला चार्जरवर वेळ लागतो. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपियरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने, रात्रभर लावा. बॅटरीच्या दुकानात दिली तर 'स्लो चार्जिंग करा' असं मुद्दाम सांगा, नाहीतर दोन तासांत फास्ट मारून परत देतात, वरवर भरलेली दिसते, आत तशीच. पाणी घालायची झाकणं असलेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरची लेव्हल बघून घ्या, नळाचं नाही, बोअरचं तर अजिबात नाही. चार्जिंग चालू असताना बॅटरीतून हायड्रोजन गॅस निघतो, म्हणून बंद खोलीत नको, आणि जवळ विडी-सिगरेट नको.

चार्ज झाल्यावर दोन-तीन तास तशीच ठेवा, मग मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल पिन प्लसला, काळी मायनसला. १२.६ किंवा वर दाखवलं तर भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव, आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. १०.५ च्या आसपासच अडकून बसली असेल, कितीही चार्ज करा वर चढत नसेल, तर सहांपैकी एक सेल मेलाय, तिथंच विषय संपला, बॅटरी बदला आणि शेवटच्या परिच्छेदावर जा.

आता सगळ्यात सोपी तपासणी, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची, हिला पैसेही लागत नाहीत. संध्याकाळी गाडी लावली की व्होल्टेज बघून कागदावर लिहा, दहा नंबरच्या पान्याने मायनसचं टर्मिनल सोडवा, त्याला फडकं गुंडाळून बाजूला करून ठेवा की ते परत चिकटायला नको, आणि झोपा. नेहमी मायनसच आधी काढायचं, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते, मायनस निघालेलं असलं की तसं होत नाही. किल्ली खिशात ठेवा आणि दरवाजाची काच थोडी खाली ठेवा, काही गाड्या करंट गेला की लॉक होऊन बसतात आणि डिकीपण बटणावर असली की मग उघडत नाही. जुन्या कंपनी फिटिंग स्टिरिओला कोड असतो तो आधी शोधून ठेवा. मायनसच्या टर्मिनलवरच छोटा सेन्सर बसवलेला असेल, सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत असतो, तर तो ओढू-मुरगळू नका, वायरचं बॉडीकडचं टोक सोडवा.

सकाळी उठून टर्मिनल जोडायच्या आधी परत व्होल्टेज बघा. काल १२.६ होतं आणि आज १२.५-१२.६ आहे तर बॅटरी धरून ठेवतेय, दोष गाडीत आहे. काहीच जोडलेलं नसताना १२.२ वर आलं तर बॅटरी स्वतःच खातेय, गाडीचा काही संबंध नाही. यानंतर मायनस जोडून सेल्फ मारा, आणि त्या वेळी दुसऱ्याला मीटर बघायला सांगा. सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये, भरलेली बॅटरी धाडकन ८ वर येत असेल तर बसून १२.६ दाखवत असली तरी तिच्यात दम नाही. हे रीडिंग थंड सकाळीच घ्या, डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं पहाटे जी थंडी पडते त्यात बॅटरीची ताकद आणखी उतरते आणि इंजिन ऑइल घट्ट होतंय, म्हणून उन्हाळाभर गप असलेली बॅटरी थंडीतच पहिल्यांदा दगा देते.

बॅटरी पास झाली तर आता डायनॅमो. गाडी चालू करून बॅटरीवरच मीटर लावा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये असलं पाहिजे. मग हेडलाइट, एसी, ब्लोअर, मागची काच तापवणारं बटण, सगळं चालू करा आणि जरा रेस द्या, तरी साडेतेराच्या खाली जाऊ नये. १५ च्या वर जात असेल तर डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, तो बॅटरी उकळवून मारणार. नव्या स्मार्ट हायब्रिड छापाच्या गाड्यांत मात्र डायनॅमो कॉम्प्युटरच्या हुकमावर चालतो, बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, तिथं एखादं रीडिंग कमी दिसलं म्हणून लगेच डायनॅमो उतरवायला घेऊ नका.

इथं एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जुने मेस्त्री चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढतात आणि गाडी चालू राहिली म्हणजे डायनॅमो ओके म्हणतात. जुन्या डिझेल जीपला ते चालत होतं. आताच्या गाडीत बॅटरी निघाली की डायनॅमोचं व्होल्टेज एका क्षणात उसळतं आणि ईसीयू, स्टिरिओ, जे काय महागाचं आहे ते मरतं. कोणी पाना घेऊन चालू गाडीच्या टर्मिनलकडं आला तर सरळ हात धरा, वयाने मोठे असले तरी.

चार्जिंग बरोबर आहे, बॅटरी बरोबर आहे, तरी सकाळी ढिली, यात पुष्कळदा गाडीचा दोष नसतोच, आपल्या वापराचा असतो. अनगोळातून निघायचं, खडेबाजारात जायचं, परत यायचं, वाटेत टिळकवाडीच्या रेल्वे गेटला गाडी उभी, एसी चालू, पावसाळा असला की वायपर, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू. इंजिन आयडलला असताना डायनॅमो फार कमी करंट देतो, तेवढ्यात एसीचे फॅनच जेवून उठतात, बॅटरीला काही शिल्लक राहत नाही. सेल्फने जे घेतलं ते दिवसभरात परत भरलंच जात नाही, आणि अर्धवट भरलेली बॅटरी तशीच दिवसेंदिवस राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे बसतात, मग ती पुरती भरतच नाही. असल्या गाडीला आठवड्यातून एकदा हायवेला संकेश्वरपर्यंत नेऊन आणा, नाहीतर महिन्या-दोन महिन्यांनी घरी चार्जर लावा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर तीही आत्ताच काढा. खायचा सोडा गरम पाण्यात टाकून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. बॅटरीच्या डोक्यावर ॲसिडमिश्रित ओल आणि धूळ बसलेली असेल तर तिच्यातूनही करंट जातो, काळी पिन मायनसला ठेवून लाल पिन नुसती वरच्या प्लॅस्टिकवर फिरवा, मीटरवर व्होल्ट दिसायला लागले तर धुवायची वेळ झाली. धुताना सोड्याचं पाणी झाकणांच्या आत जाऊ देऊ नका.

आता लीक. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला. हे रीडिंग संपल्यावर ती परत व्होल्टच्या भोकात घालायची, नाही घातली आणि पुढच्या वेळी सरळ बॅटरीवर टेकवली तर शॉर्ट होऊन मीटरचा फ्युज जाणार, कधी कधी मीटरच. आणि मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर नाहीच नाही, शेकड्याने अँपियर लागतात त्याला.

गाडी बंद, सगळ्या लाइटी बंद, किल्ली काढलेली. बटणस्टार्ट गाडी असेल तर रिमोट लांब घरात ठेवा, जवळ राहिला तर गाडीतले कॉम्प्युटर त्याला शोधत जागेच राहतात. बोनेट उघडं राहणार, दरवाजाही उघडा लागणार असेल, कारण डॅशबोर्डखालचा फ्युजबॉक्स बघायचाय, तर दरवाजाच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवून टाका, गाडीला वाटतं दार बंद आहे, आतली लाइट जाते. काम संपलं की हँडल ओढून ती जीभ परत मोकळी करा, नाहीतर दार आपटताना लॉक मोडेल. एका जाड वायरच्या तुकड्याला दोन्हीकडं क्रोकोडाइल क्लिप लावा, एक टोक बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरं मायनसच्या टर्मिनलला, आणि मग टर्मिनल खांबावरून उचला. करंट त्या तुकड्यातून चालूच राहिला, गाडी झोपलेली ती झोपेतच राहिली. आता गाडी रिमोटने लॉक करून अर्धा तास सोडा. हा अर्धा तास लोक देत नाहीत आणि तिथंच फसतात, कारण गाडी बंद केल्यावर आतले कॉम्प्युटर लगेच झोपत नाहीत, दहा मिनिटं, वीस मिनिटं, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ जागे असतात, तेवढ्यात मीटर बघितला की अर्धा अँपियर दिसतो आणि उगाच घबराट.

अर्ध्या तासाने मीटरच्या दोन पिना खांबाला आणि टर्मिनलला लावा आणि मग वायरचा तुकडा काढा. सगळा करंट आता मीटरमधून जातोय. ०.०२ ते ०.०५ दिसलं तर गाडीत लीक नाही, मागं जाऊन बॅटरीकडं परत बघा. ०.१ च्या वर दिसत असेल तर शोधायला लागा. कोणाकडं डीसी क्लॅम्प मीटर असेल तर एवढं काढाघालायचं काहीच लागत नाही, वायरला नुसता चिमटा लावला की झालं, पण घराच्या वायरमनकडं असतो तो बहुतेक एसीचा असतो, तो गाडीला लावला की शून्यच दाखवणार आणि तुम्ही म्हणणार लीक नाही.

लीक आहे म्हटल्यावर लोक फ्युज उपटायला लागतात, एक काढायचा, मीटर बघायचा, परत घालायचा. चालतं, पण फ्युज परत घातला की त्या लाइनवरचा कॉम्प्युटर जागा होतो आणि परत थांबा. त्यापेक्षा फ्युज न काढता बघायची युक्ती चांगली आहे. चपट्या फ्युजच्या डोक्यावर दोन बारीक उघडी टोकं असतात. दुसरा मीटर असेल तर उत्तम, नाहीतर वायरचा तुकडा परत लावून याच मीटरची लाल वायर व्होल्टच्या भोकात न्या, मिलीव्होल्टवर ठेवा आणि दोन पिना त्या दोन टोकांवर टेकवा. करंट जात नसेल तर शून्य. जात असेल तर काहीतरी आकडा दिसतो, १० अँपियरच्या फ्युजवर १ मिलीव्होल्ट म्हणजे साधारण शंभर-सव्वाशे मिलीअँपियर असं धरा, जास्त अँपियरचा फ्युज असला की तेवढ्याच मिलीव्होल्टला करंट त्याहून जास्त. आधी बोनेटखालचा बॉक्स, मग डॅशबोर्डखालचा. झाकणाच्या आत कुठला फ्युज कशाचा त्याचा नकाशा असतोच, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फ्युज सापडला तरी चोर सापडला नाही, नुसती गल्ली सापडली. त्या गल्लीत कोण कोण राहतं ते बघायचं, आणि माझा कायम पहिला संशय शोरूमनंतर बसवलेल्या वस्तूंवर असतो. कंपनीची वायरिंग सहसा त्रास देत नाही, त्रास देतो तो बाजारात अर्ध्या तासात टेप गुंडाळून केलेला जोड. स्टिरिओचं उदाहरण घ्या. त्याच्या पिवळ्या वायरीला कायमचा करंट पाहिजे, लाल वायरीला किल्ली फिरवल्यावरचा. पण गिऱ्हाईक म्हणतं किल्ली न लावता गाणी वाजली पाहिजेत, की फिटर दोन्ही वायरी पिळून एकत्र बांधतो, झालं, स्टिरिओ रात्रभर जागा. ॲम्प्लिफायर असेल तर त्याची निळी-पांढरी रिमोट वायर कुठं जोडलीय ते बघा, ती कायमच्या करंटवर असली तर ॲम्पपण रात्रभर जागा, सकाळी डिकीत हात लावला तर कोमट लागेल.

तसंच डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा, पायाखालच्या निळ्या लाइटी, जादाचे फॉगलॅम्प, बाजारातलं सेंट्रल लॉक, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, आणि जीपीएस ट्रॅकर. टूरिस्ट गाड्यांना ट्रॅकर असतोच, घरच्या गाडीला चोरीच्या भीतीने लावतात, चांगला असला तर झोपतो, स्वस्तातला झोपत नाही. काही गाड्यांत सिगरेट लायटरचं सॉकेट किल्ली काढली तरी चालू राहतं, त्यात मोबाइलचा चार्जर कायम खोचलेला असतो, तो नुसता थोडं खातो, पण त्याला डॅशकॅम लावलेला असला की जास्त. आणि डॅशबोर्डखालच्या स्कॅनरच्या पोर्टात कोणी ब्लूटूथचा डोंगल घालून विसरलं असेल तर तोही काढा, तो स्वतः कमी खातो पण कधी कधी अख्ख्या गाडीला झोपू देत नाही. एकेक वस्तूचा कनेक्टर काढा आणि मीटर बघा, आकडा धपकन पडला की सापडला.

कंपनीच्या सामानात बघायचं ते डिकीची लाइट, ग्लोव्हबॉक्सची लाइट, आरशामागची लाइट. बंद डिकीत लाइट चालू आहे का कसं कळणार, तर मोबाइलवर व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून आत ठेवा, झाकण लावा, पाच सेकंदांनी उघडा आणि बघा. ब्रेकलाइट तशीच. पेडलच्या स्विचला टेकणारं रबराचं किंवा प्लॅस्टिकचं बटण जुन्या गाड्यांत तुकडे होऊन पडतं, हा स्विच दाबलेला असला की लाइट बंद असते, बटण गेलं की ब्रेक न दाबताही तो दाबलेला राहत नाही, म्हणून मागची लाल लाइट चालूच. गाडीची पाठ भिंतीकडं करून लावली की मालकाला ती दिसतच नाही. पायाशी प्लॅस्टिकचे बारीक तुकडे पडलेले दिसले तर हेच. दहा-वीस रुपयांचं बटण आहे. रिले, म्हणजे करंटने चालू-बंद होणारा स्विच, चिकटणं हाही एक प्रकार, गाडी बंद करून तासाभराने फ्युजबॉक्समधल्या रिलेंवर बोट ठेवून बघा, एखादा गरम लागला तर त्याच नंबरचा दुसरा, बहुतेक हॉर्नचा जुळतो, तिथं बदलून बघा. रेडिएटरचा फॅन काही गाड्यांत बंद केल्यावर दोन-चार मिनिटं फिरतो ते ठीक, पण फिरतच राहिला तर त्याचा रिले चिकटलाय, तो एकटाच तासा-दोन तासांत बॅटरी खाली करतो.

सगळे फ्युज बघून झाले, कुठंच आकडा नाही, तरी मीटरवर लीक दिसतोय, तर डायनॅमोचा डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा त्याच्या आतला भाग. डायनॅमोची जाड वायर थेट बॅटरीकडून येते, छोट्या फ्युजच्या रांगेत ती नसते, म्हणून भले भले इथं चकतात. सकाळी इंजिन गार असताना डायनॅमोला हात लावा, कोमट लागला तर नव्वद टक्के तोच. दुसरी परीक्षा, गाडी चालू करून मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसलं तर डायोड गेलाय. खात्री करायची असेल तर बॅटरीचं मायनस काढा, डायनॅमोची जाड वायर सोडवा, टेपने पूर्ण गुंडाळा, मायनसमध्ये परत मीटर लावा. लीक गेला तर निकाल लागला. ती वायर सुटी असताना गाडी चालू करायची नाही. सगळा डायनॅमो नवा घ्यायची गरज नसते बरं का, डायोडची प्लेट वेगळी मिळते, उद्यमबागेकडं नाहीतर ऑटो नगरात रिवाइंडिंगवाले बदलून देतात.

खानापूरकडच्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात जो पाऊस लागतो त्यात झाडाखाली लावलेल्या गाडीच्या वायपरखालच्या जाळीत पाला साचतो, पाण्याची वाट बंद होते, मग ते पाणी आत डॅशबोर्डखाली उतरतं आणि फ्युजबॉक्सपर्यंत पोचतं. कनेक्टर उघडून बघा, पिना हिरव्या पडल्या असतील तर लीक तिथून. पायाखालची मॅट उचलून हात दाबून बघा, ओल आहे का. अशा गाडीचा लीक उन्हाळ्यात गायब होतो आणि जूनमध्ये परत येतो, मेस्त्रीकडं नेली की नेमकी त्या दिवशी बरी. आणि चिकोडी-हुक्केरीकडं उसाची तोड चालू झाली की उंदीर शेतातून घराकडं सरकतात, गरम इंजिनवर येऊन बसतात, वायरीची साल खातात. बोनेटखाली लेंड्या किंवा कुरतडलेला कापूस दिसला तर आधी वायरींचा गुच्छ नीट बघा, मग बाकीचं.

लीक सापडेपर्यंत रोज सकाळी गाडी तर पाहिजे. मायनसवर बसणारा फिरकीचा कट-ऑफ स्विच मिळतो, ट्रॅक्टरवाल्यांना माहीत असतो, रात्री फिरवून बंद, सकाळी चालू. घड्याळ रोज बारावर जाईल, काच वर जायचं ऑटो बटण परत शिकवावं लागेल, तेवढं सोसा. हा उपाय चार दिवसांचा, कायमचा नव्हे.

जंपर लावायचा झाला तर क्रम असा, लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनच्या जाड लोखंडाला, बॅटरीपासून लांब, कारण शेवटच्या टोकाला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ गॅस असू शकतो. काढताना उलट्या क्रमाने. धक्का स्टार्ट ऑटोमॅटिक गाडीला चालत नाही, आणि मॅन्युअललाही बॅटरी अगदीच मेलेली असेल तर नाही, आताच्या गाडीचा पंप आणि ईसीयू चालायला थोडा तरी करंट लागतो.

हे सगळं स्वतः करायचं नसेल तर निदान रीडिंग तरी कागदावर लिहून मेस्त्रीकडं न्या, रात्रीचं व्होल्टेज, सकाळचं, मायनस काढून ठेवलेलं सकाळचं, चालू गाडीतलं, लीकचा आकडा. कानडी मेस्त्री असला आणि आपलं कानडी जेमतेम असलं तरी आकडे त्याला लगेच कळतात, आणि हे गिऱ्हाईक बघून आलंय म्हटल्यावर तो सरळ बॅटरी बदला म्हणत नाही. गाडी सकाळी द्या आणि संध्याकाळपर्यंत राहू द्या, उभ्या उभ्या सांगितलेलं लीकचं निदान धरू नका, झोपायला अर्धा तास गाडीलाच लागतो.

आणि बॅटरीच गेलीय असं निघालं तर वॉरंटी कार्ड शोधा, बॅटरीवर कोरलेला किंवा स्टिकरवरचा महिना-वर्ष बघा. पहिले ठराविक महिने फुकट बदलून मिळते, त्यानंतरच्या महिन्यांत किमतीत काही टक्के सूट, दोन्ही आकडे कार्डवरच छापलेले असतात. दुकानदार आधी चार्ज करून लोड टेस्टर लावल्याशिवाय क्लेम घेत नाही, त्यात एक-दोन दिवस जातात, तेवढ्यासाठी सर्व्हिस बॅटरी मागून घ्या, बहुतेक दुकानांत देतात, न मागता मात्र कोणी देत नाही. नवी घेताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या अँपियरचीच घ्या, महिना ताजा बघा, आणि जुनीचे पैसे वजा करून घ्यायला विसरू नका, शिशाला भाव असतो.